दुसरी भाकर

आत्याबाई,

परवा ग्रामसभेत तुमचा लेक उठून बोलला. जे बोलला ते तुम्हाला ठाऊक आहे, कारण ते तुम्हा मायलेकांतलंच होतं. ठाऊक नव्हतं ते मला. एका चुलीपाशी तुमच्याबरोबर सगळी तरणी वर्षं काढली, तुमच्या हातचं खाल्लं, शेवटी तुमच्या तोंडात पाणीही मीच घातलं, आणि एवढी एक गोष्ट तुम्ही मला कळू दिली नाही. म्हणून हे लिहायला बसले. हात आता कापतो, आणि अक्षर आधीपासूनच कोंबडीनं माती उकरावी तसं. पण हे सांगायला तुमच्याशिवाय कुणी नाही, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या मांडीवर खेळलेल्या नातीची लेक आता कॉलेजात जाते.

कुठून सुरुवात करू? भिंतीवरच्या उजेडापासून करते. तुम्ही माझ्या बापाची सख्खी बहीण, भाचीला सून करून आणलंत, त्यामुळे सासर मला परकं असं वाटलंच नाही. सकाळी चुलीपुढं बसलं की समोरच्या भिंतीवर उजेडाचे ठिपके नाचायला लागायचे. तुम्ही वर न बघता म्हणायच्या, "याडी आली बघ." दारात तांड्यावरची म्हातारी उभी असायची. तांड्यात आईला याडी म्हणतात. तिला अख्खा तांडाच याडी म्हणायचा, म्हणून तुम्हीही. डोक्यावर सरपणाची मोळी, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि घागऱ्यावर टाचलेले आरशाचे तुकडे. त्यांच्यावर उन्हं पडली की आपलं काळवंडलेलं स्वयंपाकघर लग्नघरासारखं झगमगायचं. ती चौकटीला टेकून बसायची, तुम्ही तिला चहा द्यायच्या, आणि मग दोघींची जुंपायची.

"बाई, तुझी सून तं काडीवानी हाये. लेकरू कुठं ठेवंल ही?"

"तुझ्या मोळीत ठेवू. तवर तू चहा पी, न् पोरीला नजर लावू नको."

मला दिवस गेले तेव्हा धावड्याचा डिंक तिनंच आणून दिला. बाजारच्या डिंकात काय काय मिसळून राहिलेत म्हणाली, पहिल्या बाळंतपणाला असलं खाऊ घालू नको. तुम्ही तो डब्यात भरून फडताळात ठेवलात. लेक झाली तेव्हा त्याच डिंकाचे लाडू तुम्ही मला केले आणि मी खाल्ले. तोवर डिंक आणणारी राहिली नव्हती. लाडू दाताखाली कडकड वाजायचे, आणि तुम्ही पाठ करून बसायच्या.

नाल्यापलीकडं माळावर तांडा, तांड्याभोवती गायरान. सरकारनं त्यातल्या तुकड्यांचे पट्टे तांड्यातल्या घरांच्या नावावर केले, त्यांनी नांगर घातला, आणि गावाच्या पोटात दुखायला लागलं. आधी ढोरं कुठं चारायची एवढंच बोलणं होतं. मग बोलण्याला फाटे फुटले. पोलीस पाटलाच्या ओसरीवर रोज बैठक बसायला लागली. तुमच्या लेकानं तोवर कुणाशी चढ्या आवाजात बोललेलं मी ऐकलं नव्हतं, पण तोही जायला लागला. तुम्ही एकदा हटकलंत, "काहून जातो रे तिथं?" तो म्हणाला, "सगळेच जाऊन राहिलेत." तेवढंच कारण. पुढं मी वाचायला शिकले, जे हाती लागलं ते वाचलं, दूरदूरच्या मुलखांतल्या मोठ्या मोठ्या अत्याचारांचं वाचलं. हात रंगलेली माणसं सगळीकडं शेवटी हेच सांगतात. सगळेच जाऊन राहिले होते.

त्या दिवशी दिवेलागणीची वेळ. मी परातीत पीठ मळते आहे, तुम्ही चुलीत फुंकर घालता आहात. भिंतीवर उजेड हलायला लागतो. माझ्या मनात येतं, एवढ्या अवेळी याडी कशी आली? पण ठिपके नाहीत. सगळी भिंतच तांबडी झालेली आहे. आपण दोघी बाहेर येतो आणि माळावरून आवाज येतो. तांड्यातल्या बाया रडतात ते सुरात रडतात, लेक सासरी निघाली तरी आणि माणूस मेलं तरी. लांबून ऐकणाऱ्याला वाटावं की गाणं चाललंय. आत्याबाई, तो सूर मला अजून ऐकू येतो, भरदुपारी, गिरणीत दळण दळायला उभी असले तरी. लोकं पळाली, लेकरं काखेत मारून नाल्यात उतरली. याडीच्या म्हाताऱ्याचे पाय गेलेले होते. तो उठू शकत नव्हता आणि याडी त्याला सोडून निघाली नाही.

तुमचा लेक घरी आला तेव्हा त्याच्या भुवया जळालेल्या होत्या. हातावरचे केस करपलेले, धोतराला रॉकेलचा वास. तुम्ही एवढंच विचारलंत, "आत कुनी होतं का?"

"कुनी नव्हतं म्हणे."

"म्हणे?" तुम्ही म्हणालात, आणि चुलीवरचं भांडं उतरवून ठेवलंत. त्या दिवसापासून तुम्ही घरात रॉकेलचा थेंब येऊ दिला नाही. दिव्यात करडईचं तेल घालायच्या, वात काळी पडायची, पण रॉकेलची चिमणी म्हणून पुन्हा लावली नाही.

दुसऱ्या दिवशी गावानं बेलभंडार उचलला. पोलीस पाटलानं वर खबर दिली होती की चुलीतली ठिणगी उडून तांडा पेटला. गावावर नजर ठेवायला सरकारनं ज्याला नेमलं, तोच रॉकेलच्या डब्याशी उभा होता; मग खबर दुसरी कुठली जाणार! महादेवाच्या देवळात ताटली फिरली, तीत बेलाचं पान आणि भंडारा. एकेका बाप्यानं हात ठेवायचा आणि म्हणायचं, काही पाह्यलं न्हाई, काही सांगणार न्हाई, सांगंल त्याचा निर्वंश होवो. आपण बाया बाहेर भिंतीला लागून उभ्या. आतून कुणीतरी म्हणालं, "बायांचं काय?" पाटील हसला. "बाया काय कोरटात जाऊन राहिल्यात? जा म्हणावं घरी, भाकरी थापा." त्यावर सगळे हसले. दोन माणसं जळून एक रात्र झाली होती आणि देवाच्या दारात गाव हसलं. एवढं पक्कं कुंपण घातलं, घराघरातला पुरुष बांधून घेतला, आणि अर्धं गाव मोकळं सोडलं. हे असलं चुकणं आपल्याच माणसांना जमावं.

मग चौकशीला बाहेरचा नवा साहेब आला. ज्याला विचारावं तो आकाशाकडं बघायचा. साहेब तहानेला आपल्या दारात आला. मी तेव्हा नदीवर धुणं धूत होते. हे सगळं पुढं परभणीच्या कोर्टात तुमच्याच तोंडून ऐकलं. तुम्ही त्याला तांब्या दिलात आणि म्हणालात, "साहेब, मला भंडार उचलायला कुनी लावला न्हाई." त्याला काही उमगेना. तुम्ही समजावून सांगितलंत, तसा त्यानं तांब्या खाली ठेवला. "माय, मला काही सांगू नका. माझ्यापुढचं बोलणं उद्या कुणीही उलटवील, म्हणतील पोलिसानं दम देऊन वदवलं. वसमतला न्यायाधीशापुढं सांगा. तुम्ही बोलत असाल तेव्हा मी आतसुद्धा येणार नाही."

तुम्ही गेलात ती सकाळ माझ्या डोळ्यांपुढं तशीच आहे. मी पाण्याची खेप घेऊन आले तर तुम्ही घरात नाही. तवा अजून गरम. तुमचा लेक ताटापुढं बसलेला, ताटात अख्खी भाकर, आणि त्याचे दोन्ही हात मांडीवर. "आत्याबाई कुठं गेल्या?" मी विचारलं. "मला काय माहीत," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी जीप आली. त्याला, पाटलाला आणि आणखी चौघांना घेऊन गेली. मला पाचवा महिना होता. मी तुमच्या तोंडाकडं बघितलं आणि मनाशी म्हणाले, ही बाई चोरपावलांनी गेली. पोटच्या पोराला एका शब्दानं न सांगता, पाठीमागून त्याचा गळा कापून आली. खरं सांगितलं याचा मला राग नव्हता, असं म्हणावंसं वाटतं. पण तेव्हा रागाचे दाणे पाखडून वेगळे करायची अक्कल कुठं होती? मला कोर्टात साक्षीला कुणी बोलावलं नाही. बोलावलं असतं तर काय म्हणाले असते, हे मला आजही माहीत नाही.

त्या दिवसापासून मी तुम्हाला हाक मारली नाही. घर सोडून जायची सोय नव्हती, बाप म्हणाला तिथंच राहा, माझी बहीण खोटं बोलणारी नाही. राहिले. पण तोंडातून आत्याबाई हा शब्द निघेना. मग काही सांगायचं झालं की गोठ्याच्या दाराशी उभी राहून म्हशीला सांगायची. "अगं म्हसाबाई, मीठ संपलं म्हणावं." तुम्ही आतून म्हशीलाच म्हणायच्या, "म्हसाबाई, काल आनलंय म्हणावं, पाटीखाली हाये." शेजारीण म्हणायची, बाई, तुमची म्हैस लई बोलकी, तिला सरपंच करा. लेक जरा मोठी झाली तशी तिला वाटायचं सगळ्याच घरांत म्हशीला असंच विचारतात. हसू येतं आता. तेव्हा दोघींपैकी एकही हसली नाही.

परभणीच्या कोर्टातला तो एक दिवस मात्र तुम्हाला सांगते, कारण तुम्ही त्या दिवशी आला नव्हत्या. जिल्हा तेव्हा परभणीच होता. निवडणूक होऊन गेली होती, पाटलाच्या माणसांनी मुंबईला खेटे घातले होते, आणि गावात बातमी आली की सरकार खटलाच मागं घेतंय. गावात पेढे वाटले. मी लेकीला घेऊन कोर्टात दाराशी बसले, आज आपलं माणूस घरी न्यायचंच म्हणून. सरकारी वकील उठून म्हणाले, गावात शांतता नांदावी म्हणून शासनाचा निर्णय झाला आहे. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "शांतता कुणाची?" ते म्हणाले. "ज्याचे आईबाप जळाले त्याला विचारलंत का?" मागच्या भिंतीशी याडीचा लेक उभा होता, त्यानं मान खाली घातली. वकील पुन्हा म्हणाले, शासनाचा निर्णय आहे. "शासनानं अर्ज करावा," न्यायाधीश म्हणाले. "परवानगी द्यायची की नाही हे माझं काम आहे. आणि या कारणासाठी मी ती देणार नाही."

मी त्या माणसाला तळतळून शिव्या दिल्या. एवढं मोठं सरकार सोडा म्हणतंय, हा कोण टिकोजी? पुढं बऱ्याच वर्षांनी माझ्या नातीचं नागरिकशास्त्राचं पुस्तक चाळताना मला तो दिवस उलगडला. पुस्तकात लिहिलंय की कायदा करणारे वेगळे, राज्य चालवणारे वेगळे आणि न्याय देणारे वेगळे. मला आपली चूल आठवली. तिचे तीन दगड. एकमेकांना चिकटवून मांडले तर जाळ घालायला जागा राहत नाही, नुसता धूर. फार लांब मांडले तर भांडं लवंडतं. आपल्या गावात पाटील हाच तिन्ही दगड होता. नियम त्याचा, काठी त्याची, निवाडाही त्याचा. आणि आतला जाळ मग तांड्यावर निघाला. पण आत्याबाई, ही चूल मला समजली म्हणून माझं पोट भरलं असं नाही. समजलं तेव्हा तुम्ही नव्हत्या.

जन्मठेप झाली. औरंगाबादच्या जेलातून त्याची पत्रं यायला लागली. आधी मास्तराकडून वाचून घ्यायची; पण नवऱ्याचं पत्र परक्याच्या तोंडून किती दिवस ऐकणार, म्हणून मी लेकीबरोबर अक्षरं गिरवली. मग मीच मोठ्यानं वाचायला लागले. कुठं? गोठ्यात. तुम्ही म्हशीच्या पलीकडं शेण भरत असायच्या, नाहीतर भरलेलंच पुन्हा भरत असायच्या. पत्रात लेकीची चौकशी असायची, शेताची असायची, म्हशीची सुद्धा असायची. तुमचं नाव नसायचं. वाचून संपलं की तुम्ही म्हणायच्या, "म्हसाबाई, बास? एवढंच?" मी पत्राची घडी घालायची. एकदा, एका दिवाळीला, मला ते ऐकवेना. मी पत्रात नसलेली एक ओळ वाचली: आईला म्हणावं, मी बरा हाये. तुमचा हात शेणाच्या पाटीत तसाच थांबला. मग तुम्ही म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणालात, "त्यानं लिव्हलं नसंल. पन वाचणारीनं वाचलं." त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही. पण शब्द आला तो म्हशीसाठीच.

आणि तुमचं शेवटचं दुखणं. तो सुटायच्या दोन पावसाळे आधीचं. ताप डोक्यात गेला होता, ओळख राहिली नव्हती. भिंतीवर कुठल्या भांड्याचा कवडसा पडला की तुम्ही म्हणायच्या, याडी आली, चहा ठेव. आणि मधूनच एकच प्रश्न, पुन्हा पुन्हा: "दुसरी खाल्ली का त्यानं?" मी म्हणायची, खाल्ली, खाल्ली. मला वाटलं भ्रमात काहीतरी बोलतायत. "दुसरी भाकर, खाल्ली का?" खाल्ली म्हटलं की तुम्ही माझ्याकडं अशा बघायच्या, जशी तुम्हाला बाकी काही कळत नव्हतं पण हे खोटं आहे एवढं कळत होतं. तो प्रश्न मी तुमच्याबरोबर सरणावर ठेवला असं समजत होते. तो घरातच राहिला होता.

तो सुटून आला. सरकारनं उरलेली शिक्षा माफ केली, तो हक्क सरकारचा. इतक्या वर्षांत त्यानं तुमचं नाव काढलं नाही आणि मी विचारलं नाही. ओट्यावर बसतो, माळाकडं तोंड करून. तांडा आता जरा पलीकडं सरकून नव्यानं वसलाय, सिमेंटची घरं झाली. जळालेली जागा तेवढी मोकळी आहे, तिच्यावर कुणी नांगर घालत नाही. पाऊस पडून माती धुपली की तिथं आरशाचे बारीक तुकडे वर येतात आणि सकाळच्या उन्हात चमकतात. आपल्या ओट्यावरून दिसतात ते. तो तिकडंच बघत असतो, आणि मी त्याच्याकडं.

आता परवाचं. गावाच्या वेशीवर कमान बांधायचं चाललंय. सरपंच म्हणजे त्या वेळच्या पाटलाचा नातू, शिकलेला, गोड बोलणारा पोरगा. त्याच्या मनात आलं की कमानीवर त्या सहा जणांची नावं घालायची, खोट्या खटल्यात भरडलेले गावकरी म्हणून. आणि ग्रामसभेचा ठराव करून सरकारला पाठवायचा की हा खटलाच खोटा होता असं जाहीर करा. सहांपैकी जिवंत उरलेला एकटा तुमचा लेक. म्हणून पोरगा घरी आला, पाया पडला, आणि ओट्यावर बसून म्हणाला, "काका, तुमी फक्त एवढं म्हना, की आईला पोलिसांनी दम देऊन वदवून घेतलं. म्हातारी बाई, घाबरली. त्यात कुनाची बदनामी न्हाई."

तुमचा लेक माळाकडं बघत होता. मी चहा घेऊन उभी. मला राहवेना. म्हटलं, "बाबा, सरकार शिक्षा कमी करू शकतं. पन गुन्हाच झाला न्हाई असं सरकारनं म्हणायचं नसतं, ते कोरटाचं काम हाये."

"काकू, तुमी लई वाचता," तो हसून म्हणाला. "डोळ्याला तकलीफ होईल." बरोबरची पोरं हसली. मी चहाचे कप गोळा केले आणि आत आले. आत चुलीपुढं बसून मला धडकी भरली, आत्याबाई. कमानीवर दगडात कोरलं की ते खरं होतं. दोनशे वर्षांनी येणारा माणूस वाचील की एका बाईनं खोटं बोलून पोटचा पोरगा जेलात घातला. आणि हा हो म्हणेल, असं मला वाटत होतं. काहून म्हणणार नाही? चौदा वर्षं त्यानं भोगली होती. त्या दिवसांत मी दोन घास नीट खाल्ले नाहीत.

सभा शाळेच्या पटांगणात. तांड्यातली माणसंही होती, ग्रामपंचायत एकच ना. याडीचा लेक मागं, पायरीवर. तोही आता काठी टेकतो. सरपंचानं ठराव वाचला आणि एक ताटली पुढं आणली. तीत बेलाचं पान आणि भंडारा. "काका, हात ठेवून सांगा, म्हणजे कुनाच्या मनात शंका राहणार न्हाई." तुमचा लेक उठला, त्यानं हात ताटलीपर्यंत नेला, आणि मागं घेतला.

"हे एकदा उचललंय मी," तो म्हणाला. "खोटं उचललं होतं. आता पुन्हा हात लावायची लाज वाटते. तसंच सांगतो." मग म्हणाला, "मायला कुनी दम दिला न्हाई. माय मला इचारून गेली."

सरपंचानं ताटली खाली ठेवली.

"मी जेवायला बसलो होतो. ती तव्यापाशी उभी. म्हनली, आज वसमतला चालले, कोरटात. तू नको म्हन, मी जात न्हाई. एकदा तोंडानं नको म्हन. मी खाली बघून खात राहिलो. तिनं तीनदा इचारलं. मला नको म्हनता आलं न्हाई. व्हय बी म्हनता आलं न्हाई. मी म्हनलं, माय, दुसरी भाकर वाढ. तिनं वाढली. पदर खोचला न् गेली. ती भाकर मला गिळली न्हाई. ताटात पडून राहिली, मग कुत्र्याला घातली." मग तो मागं तांड्याच्या माणसांकडं वळला. "डबा मी नेला होता. पेटवला मीच, का दुसऱ्यानं, ते धुरात मलाच माहीत न्हाई. आत मानसं व्हती. एवढंच."

सरपंच काहीतरी बोलायला गेला, तेवढ्यात पायरीवरून याडीचा लेक उठला. मला वाटलं आता हा काठी उगारणार. तो म्हणाला, "भाऊ, तुझ्या मायनं कोरटात माझ्या मायचं नाव घेतलं होतं. नावानिशी. गावात आजवर कुनी घेतलं न्हाई." आणि काठी टेकत निघून गेला. माफ केलं असं तो म्हणाला नाही. म्हणायला पाहिजे असंही नाही. सरपंच म्हणाला, हा विषय पुढच्या सभेत घेऊ, आणि माणसं एकमेकांकडं न बघता पांगली. पुढच्या सभेत काय होईल ते मला माहीत नाही. कमान अर्धी उभी आहे.

घरी आल्यावर मी त्याला विचारलं, "मला काहून सांगितलं न्हाई एवढी वर्षं?"

तो ओट्यावर बसत म्हणाला, "तू मायला बोलत नव्हतीस. हे सांगितलं असतं तं मलाबी बोलली नसतीस."

मी आत येऊन भाकरी थापायला बसले. तुम्हीही सांगू शकला असता, आत्याबाई. एक वाक्य म्हशीच्या कानात टाकलं असतं, मी इचारून गेले होते, तर मी त्याच संध्याकाळी तुमच्या पाया पडले असते. पण मग माझा सगळा राग त्याच्याकडं वळला असता, आणि तो जेलात, त्याला बाहेर माझ्याशिवाय होतं कोण. तुम्ही तो राग आपल्या अंगावर ठेवून घेतलात, भिजलेलं घोंगडं पांघरून बसावं तसा. मी कोर्टानं दिलेली शिक्षा मोजत बसले, आणि मी तुम्हाला देत होते ती कुठल्याच कोर्टात लिहिली गेली नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर आता नीट देते. तेव्हा ते चुकीचं दिलं होतं. नाही खाल्ली त्यानं दुसरी.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, ते मला कळतं. आज सकाळी गोठ्यात गेले, त्याच म्हशीच्या वंशातली ही काळी उभी होती, तिच्यापुढं हे सगळं मोठ्यानं वाचलं. तिथं बोललेलं तुम्हाला ऐकू जायचं, अजून जात असेल. भिंतीवर घागरीचा कवडसा हलत होता. सगळं वाचलं, आत्याबाई, एक अक्षर गाळलं नाही. फक्त सगळ्यात वर लिहिलीय आणि मधे मधेही आलीय ती तुमची हाक, तो एक शब्द तेवढा तोंडातून निघाला नाही.